सिंगापूरच्या बागेतला कंदील-उत्सव: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाला ऑगस्ट संपता संपता ऑफिसातले कोणीतरी हमखास विचारते, की यंदा मुलांना घेऊन लँटर्न फेस्टिव्हलला जाणार ना? माणूस घरी येऊन इंटरनेटवर तारीख शोधतो, तर ती फेब्रुवारी-मार्चमधली निघते आणि तो सण सहा महिन्यांपूर्वीच होऊन गेलेला असतो. हा गोंधळ मी स्वतः घातला आहे. गेली काही वर्षे गार्डन्स बाय द बे या सार्वजनिक बागेत मी दर वर्षी जातो, दोनदा चुकीच्या दिवशी गेलो आहे, एकदा चिंब भिजून परतलो आहे. त्यातून जे कळले ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: सण कोणता ते ठरवणे

चिनी पंचांगात कंदिलांच्या पौर्णिमा दोन आहेत. एक नववर्षानंतरची पहिली पौर्णिमा. तिला युआनश्याओ म्हणतात आणि ‘लँटर्न फेस्टिव्हल’ हे इंग्रजी नाव खरे तर तिचे आहे. दुसरी आठव्या महिन्याची पौर्णिमा. तिचे नाव चुंगछ्यू, म्हणजे शरद ऋतूचा मध्य. सिंगापुरात मुले हातात कंदील घेऊन फिरतात ती या दुसऱ्या पौर्णिमेला, त्यामुळे इथल्या बोलण्यात तिलाच लँटर्न फेस्टिव्हल किंवा मूनकेक फेस्टिव्हल म्हणण्याची पद्धत पडली आहे. सहकारी सप्टेंबरच्या तोंडावर विचारत असेल तर तो चुंगछ्यूबद्दलच विचारतो आहे, असे समजावे. नववर्षाच्या सुमारास याच बागेत रिव्हर होंगबाव नावाचा मोठा उत्सव होतो; तो १९८७ पासून चालत आला आहे, २०२१ मध्ये मरीना बेच्या काठावरून बागेत आला, आणि त्यातही प्रचंड कंदील असतात. पण त्याचा बाज जत्रेचा आहे, चंद्राशी त्याचा संबंध नाही. हा लेख शरदातल्या उत्सवाबद्दल आहे.

आणखी एक खबरदारी सहकाऱ्यांशी बोलताना घ्यावी. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचे कोणी शब्दशः इंग्रजी भाषांतर केले, तर ऐकणाऱ्याला खाली मेणबत्ती लावून हवेत सोडायचा उडता कागदी फुगा आठवतो. मी एकदा उत्साहाने सांगून बसलो, की आमच्याकडे दिवाळीत प्रत्येक इमारतीत असे पन्नास तरी लावतात, आणि समोरच्या बाईंनी काळजीने विचारले, की मग आग लागत नाही का?

दुसरी पायरी: तारीख, तीही कालनिर्णय समोर ठेवून

चुंगछ्यूची तारीख चिनी पंचांगानुसार बदलते, पण मराठी घरात ती शोधण्याची सोय भिंतीवरच टांगलेली असते. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा आपली भाद्रपदातली पौर्णिमा असते, म्हणजे अनंत चतुर्दशीला किंवा तिच्या एक-दोन दिवस पुढे येते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि चुंगछ्यू २९ ला. २०२४ मध्ये दोन्ही १७ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या. २०२६ मध्ये २५ सप्टेंबरला पुन्हा एकत्र येतात. आपल्याप्रमाणे चिनी पंचांगातही अधिक महिना असतो, पण तो आपल्या अधिक महिन्याबरोबरच येईल असे नाही, आणि तिथे हिशेब एक महिन्याने सरकतो. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना अधिक होता, म्हणून चुंगछ्यू थेट ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्या रात्री आली. २०२० मध्ये तर ती १ ऑक्टोबरला, आपल्या अधिक आश्विनातल्या पौर्णिमेला पडली आणि कालनिर्णयात त्या दिवसापुढे सणाची नोंद शोधूनही सापडली नसती. तेव्हा कालनिर्णयावरून अंदाज घ्यावा आणि खात्री मात्र बागेच्या संकेतस्थळावर करावी.

चुंगछ्यूला चीनमध्ये २००८ पासून सार्वजनिक सुट्टी असते. सिंगापुरात ती नाही. पौर्णिमेच्या दिवशी ऑफिस आणि शाळा चालू असतात, त्यामुळे सगळे शहर संध्याकाळी सातनंतर एकदमच बाहेर पडते.

तिसरी पायरी: दोन संध्याकाळी वेगळ्या ठेवणे

या लेखातली सर्वांत उपयोगाची सूचना हीच आहे. बागेतले मोठे कंदील पौर्णिमेच्या आधी साधारण दोन आठवड्यांपासून लागतात आणि रोज रात्री उजळतात. चंद्र मात्र एकाच रात्री पुरा असतो. नवखा माणूस दोन्ही गोष्टी त्या एकाच रात्रीत उरकू पाहतो. मग कंदिलांपुढे माणसांच्या रांगा लागलेल्या असतात, चंद्र सुपरट्रींच्या, म्हणजे बागेतल्या उंच लोखंडी झाडांच्या, झगमगाटात हरवलेला असतो, आणि लहान मूल साडेआठच्या सुमारास खांद्यावर झोपलेले असते. माझ्या मते कंदील पाहण्यासाठी पहिल्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार निवडावा आणि पौर्णिमेची रात्र चंद्रासाठी राखून ठेवावी. ती कुठे घालवावी ते शेवटी सांगतो. शनिवार-रविवार शक्य तो टाळावेत. आईवडील भारतातून आलेले असतील तर ते नक्कीच टाळावेत, कारण गर्दीच्या भागात बसायला जागा मिळणे कठीण असते.

हवामानाकडे दोन कारणांसाठी लक्ष ठेवावे लागते. सिंगापूरचा पाऊस आपल्यासारखा दिवसभर रिपरिपत नाही. अर्ध्या तासात झोडपून जातो, पण विजांसह येतो, आणि विजा असताना उंच लोखंडी सांगाड्यांच्या आणि झाडांच्या आसपास उभे राहणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी छत असलेल्या मार्गाखाली थांबावे. दुसरे कारण धुरक्याचे. कोरड्या वर्षी इंडोनेशियातल्या आगींचा धूर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सिंगापूरवर पसरतो. २०१५ साली चुंगछ्यूच्या दोन दिवस आधी हवा इतकी बिघडली होती, की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. घरात कोणाला दमा असेल तर निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर प्रदूषणाचा निर्देशांक पाहावा आणि तो वाढलेला असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.

चौथी पायरी: पोहोचणे

एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने जावे, गाडी नेण्यात काहीच शहाणपण नाही. बहुतेक लोक सर्कल किंवा डाउनटाउन मार्गावरच्या बेफ्रंट स्थानकावर उतरतात, बी क्रमांकाच्या दारातून भुयारी मार्गाने चालत येतात आणि ड्रॅगनफ्लाय पूल ओलांडून बागेत शिरतात. पहिल्या भेटीत हाच रस्ता चांगला, कारण पुलावर येताच तळ्यापलीकडे सुपरट्रींची रांग समोर उभी राहते आणि ती एकदा तरी अशी अचानक दिसायला हवी. दुसऱ्या भेटीपासून मात्र थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गावरच्या गार्डन्स बाय द बे स्थानकावर उतरावे. हे स्थानक नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. तिथून बागेत मागच्या अंगाने शिरता येते आणि लोंढ्याच्या उलट दिशेने फिरता येते.

एमआरटीच्या गाडीत आणि स्थानकात काहीही खाण्यापिण्यास मनाई आहे, पाणीसुद्धा त्यात आले, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. मुलाला भूक लागण्याची वेळ प्रवासात येणार असेल तर घरूनच भरवून निघावे. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुले मोठ्यांबरोबर विनामूल्य प्रवास करतात. त्याहून उंच पण सात वर्षांखालच्या मुलांसाठी सवलतीचे कार्ड काढून ठेवावे लागते, आणि ते आयत्या वेळी मिळत नाही. परतीच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास बंद होतात, तेव्हा शेवटच्या गाडीवर विसंबून रेंगाळू नये.

सोबत पाण्याची बाटली, घडीची छत्री, पातळ चटई आणि डासांसाठी मलम असावे. उत्सवाचा बराच भाग तळ्याच्या काठाने आहे आणि सिंगापुरात डेंग्यू आहे, हे विसरू नये. कपडे सुती असावेत. बागेतल्या काचेच्या शीतघरांमध्ये जाणार असाल तर मात्र एखादा पातळ स्वेटर लागतो. त्यांना तिकीट आहे, बाहेरची बाग आणि तिथले कंदील विनामूल्य पाहता येतात.

पाचवी पायरी: बागेत शिरल्यावर

सिंगापुरात सूर्य वर्षभर सातच्या सुमारास मावळतो आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळे संधिप्रकाश फार टिकत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत पुरता काळोख होतो. हीच वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत मोलाची आहेत. त्या वेळी आकाश गडद निळे असते, कंदील नुकतेच उजळलेले असतात, रेशमावरचे रंग आणि आतला उजेड दोन्ही एकदम दिसतात. म्हणून साडेसहाला बागेत असावे. साडेसातला पोहोचणाऱ्याला कंदील दिसतात, पण काळ्या पाटीवर खडूने काढल्यासारखे सपाट दिसतात. छायाचित्रे मोबाइलवर काढायची असली तरी याच वेळेत काढावीत. फ्लॅश बंद ठेवावा, पडद्यावर कंदिलाच्या सर्वांत उजळ भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करावा, नाहीतर कमळाची पाकळी नुसता पांढरा डाग होऊन येते.

सुपरट्रींच्या राईत रोज रात्री पावणेआठ आणि पावणेनऊ वाजता दिव्यांचा आणि संगीताचा कार्यक्रम होतो. ही पंचवीस ते पन्नास मीटर उंचीची लोखंडी झाडे आहेत, त्यांच्या खोडांवर खऱ्या वेली चढवलेल्या आहेत, आणि कार्यक्रम पाहण्यासाठी लोक फरशीवर सरळ उताणे पडतात. तुम्हीही चटई अंथरून पडावे, त्यात संकोचण्याचे कारण नाही. पण याहून कामाची गोष्ट अशी, की पावणेआठला सगळी गर्दी तिकडे सरकते आणि तळ्याकाठचे कंदील पंधरा मिनिटे जवळजवळ मोकळे होतात. पावणेआठला कंदील पाहावेत आणि पावणेनऊला कार्यक्रम; बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

कंदील पाहायचा कसा, हेही थोडे सांगायला हवे, कारण बहुतेक लोक समोर उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. मोठ्या कंदिलाच्या मागे जावे. समोरून जो मासा किंवा ससा वाटतो, तो मागून आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा थोरला भाऊ निघतो. फरक इतकाच, की बांबूच्या कामट्यांच्या जागी जोडकाम केलेली लोखंडी तार असते, पतंगी कागदाच्या जागी रेशमी कापड आणि खळीच्या जागी पक्का डिंक. ही कारागिरी मुख्यतः सिचुआन प्रांतातल्या झिगोंग या गावची म्हणून ओळखली जाते. मिठाच्या विहिरींनी श्रीमंत झालेल्या या गावात आधुनिक काळातला कंदील-मेळा १९६४ पासून भरतो आणि तिथले कारागीर आता जगभरच्या बागांसाठी कंदील बांधतात. आकृती आधी जमिनीवर पूर्ण मापाची आखली जाते, तिच्या रेषांवर तार वाकवून सांगाडा उभा राहतो, आत दिवे बांधले जातात, मग प्रत्येक चौकटीच्या मापाचे कापड कापून ताणून चिकटवले जाते आणि शेवटी रंगाचा फवारा मारून गडद-फिकट छटा आणल्या जातात. एका वर्षी मी एका कमळाच्या पाकळीशी बराच वेळ उभा होतो. दोन कापडांचा सांधा ज्वारीच्या दाण्याएवढ्या रुंदीचा होता, त्यात एकही सुरकुती नव्हती, आणि टोकाकडचा गुलाबी रंग देठाकडे येता येता इतका हळूहळू विरत होता, की तो कुठे संपला ते सांगता येईना. वरच्या एका कोपऱ्यात मात्र आदल्या दिवशीच्या पावसाने कापड सैल पडून पोट आले होते. अशा जागा पाहिल्या की हे काम हाताचे आहे याची खात्री पटते. हात मात्र लावू नये; मुलांना हे आत शिरण्यापूर्वीच सांगून ठेवावे, कारण आतून उजळलेला ससा दिसला की बोट आपोआप पुढे जाते.

आकृत्यांचे अर्थ ठाऊक असले तर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देता येतात. ससा चंद्रावर राहतो आणि खलबत्त्यात औषध कुटतो. आपल्याकडे चंद्राला शशांक म्हणतात तो याच सशामुळे, त्यामुळे मराठी मुलांना हे पटायला क्षणही लागत नाही. लांब बाह्यांची, तरंगणारी स्त्री दिसली तर ती छांग-अ. अमरत्वाचे औषध पिऊन ती चंद्रावर गेली आणि नवरा पृथ्वीवर राहिला. उडी मारणारा कार्प मासा धबधब्यावरचे दार ओलांडून ड्रॅगन होतो, म्हणून परीक्षेच्या वयातल्या मुलांच्या आईवडिलांना तो विशेष प्रिय आहे.

मोठ्या आकृत्यांखेरीज शाळेतल्या मुलांनी आणि ज्येष्ठ नागरिकांनी रंगवलेले छोटे कंदील वाटेवर ओळीने टांगलेले असतात. लोक त्यांच्याखालून वर न बघता निघून जातात. माझा सर्वांत जास्त वेळ तिथे जातो: कोणी मांजर काढलेली असते, कोणी आपली इमारत, कोणी नुसते कापऱ्या हाताने एक फूल. काही कंदिलांना कागदाच्या पट्ट्यांवर कोडी लटकवण्याची जुनी पद्धतही आहे. आपल्या उखाण्यांसारखी, पण उत्तर पुष्कळदा एकच चिनी अक्षर असते. ती वाचता न येणाऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. चिनी शेजाऱ्यांनाही ती सहज सुटतात असे नाही.

सहावी पायरी: मूनकेक, आणि शाकाहारी माणसाने काय पाहावे

बागेत आणि बाहेर सगळीकडे या दिवसांत मूनकेक विकले जातात. ऑर्चर्ड रोडवरच्या ताकाशिमायासारख्या ठिकाणी त्यांचा मेळाच भरतो आणि छोटे तुकडे चाखायला देतात. विकत घेण्यापूर्वी तिथे एक चक्कर मारावी. पारंपरिक मूनकेक भाजलेला, तपकिरी, वर ठसा उमटवलेला असतो. आत कमळाच्या बियांचा गोड गर आणि मध्यभागी खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, म्हणजे चंद्र. तो एकट्याने पुरता खायचा नसतो. चार किंवा आठ तुकडे करून, बिनसाखरेच्या चिनी चहाबरोबर, वाटून खातात. पहिला घास आपल्या जिभेला जडच वाटतो. पाकातल्या पुरणात कोणी खारे लोणी दडवावे तशी ती चव आहे आणि ती अंगवळणी पडायला एखादे वर्ष लागते.

अंडे न खाणाऱ्याने ‘बलक नसलेला’ एवढेच विचारून थांबू नये, कारण भाजण्यापूर्वी वरून अंडे फासलेले असू शकते आणि काही प्रकारांच्या कवचात डुकराची चरबी असते, विशेषतः तिओच्यू या दक्षिण चिनी समाजाच्या पद्धतीच्या, पापुद्रे सुटणाऱ्या मूनकेकमध्ये. सर्वांत फसवा प्रकार पाच तऱ्हेच्या दाणे-बियांचा. माझी आई आली होती तेव्हा सुकामेवा म्हणजे आपल्या सोयीचा, असे गृहीत धरून मी एका दुकानातून तोच आणला. तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, यात काहीतरी चिवट लागते आहे. डब्यावरची यादी त्यानंतर वाचली. त्या प्रकारात बदाम, तीळ, कलिंगडाच्या बिया यांच्याबरोबर हॅमचे बारीक तुकडे घालण्याची रीत आहे. आईने चूळ भरली, देवाजवळ दिवा लावला आणि विषय संपवला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हा डब्यावरची यादी आधी वाचावी, आणि स्पष्टपणे शाकाहारी असे लिहिलेलेच घ्यावे. अगर-अगरचे, म्हणजे आपल्या चायना ग्रासचे, जेलीसारखे मूनकेक बहुधा निर्धोक असतात, तरी तिथेही वाचून घ्यावे. प्लॅस्टिकच्या इवल्या पिंजऱ्यात डुकराच्या पिलाच्या आकाराचे बिस्किट मिळते. त्यात डुकराचे काही नसते, ते मूनकेकच्या कवचाच्या पिठाचेच केलेले असते, आणि मुलांना पिंजऱ्यासकट फार आवडते.

मूनकेकपेक्षा मला या सणातले पपनस अधिक आपलेसे वाटते. गणपतीच्या दिवसांत कोकणात जे फळ नैवेद्याच्या ताटात असते, तेच इथे चुंगछ्यूला चंद्रापुढे ठेवतात, आणि सोबत उकडलेल्या अळकुड्या. चिनी शेजाऱ्याच्या घरी जायचे असेल तर मूनकेकचा पाचवा डबा नेण्यापेक्षा चांगले जड पपनस न्यावे. कंदील भेट द्यायचा असेल तर लाल किंवा रंगीत द्यावा. नुसता पांढरा देऊ नये, चिनी रीतीत तो मयताच्या घरी लावतात. शुभेच्छा द्यायच्या तर ‘चुंगछ्यू च्ये ख्वाय-ल’ एवढे म्हणावे. उच्चार चुकला तरी समोरचा खूश होतो.

दुसरी बाग

गार्डन्स बाय द बे फार झगमगीत वाटली, किंवा तुम्ही बेटाच्या पश्चिमेला राहत असाल, तर जुरोंगच्या तळ्यातली चायनीज गार्डन पाहावी. १९७५ साली उघडलेली ही बाग उत्तर चीनमधल्या राजवाड्यांच्या उद्यानांच्या धर्तीवर बांधलेली आहे. तेरा कमानींचा पांढरा पूल आणि सात मजली पॅगोडा ही तिची ओळख. दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहून ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. प्रवेश विनामूल्य आहे, आणि एमआरटीच्या हिरव्या मार्गावर तिच्याच नावाचे स्थानक आहे. तळ्यात उलटा पडलेला पॅगोडा आणि त्याच्या बाजूला कंदील हे दृश्य सुपरट्रींच्या राईत मिळत नाही. इथे जेवणाची सोय मोजकी आहे, तेव्हा डबा न्यावा.

सातवी पायरी: पौर्णिमेची रात्र

ही रात्र मोठ्या बागेत घालवू नये असे माझे मत वर आले आहे. चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, पण इमारती आणि झाडे ओलांडून वर यायला त्याला आठ तरी वाजतात. पूर्वेचे आकाश मोकळे हवे असेल तर गार्डन्स बाय द बेला लागून असलेल्या मरीना बॅरेज या बंधाऱ्याच्या गवताळ छतावर जावे, चटई आहेच. नाहीतर घराजवळच्या कोणत्याही लहानशा बागेत जावे, कारण त्या रात्री सिंगापूरच्या प्रत्येक वस्तीत मुले कंदील घेऊन बाहेर पडतात. २०२५ मध्ये चुंगछ्यू आणि कोजागिरी एकाच रात्री आल्या तेव्हा आम्ही इमारतीखालच्या बागेत थर्मासमधून मसाला दूध नेले होते. शेजारच्या आंटींनी दोन पेले घेतले आणि विचारले, की यात चंद्र कुठे आहे? पेल्यातच दिसायला हवा, असे सांगून आम्ही पेला वर धरला. दिव्याच्या खांबाचे प्रतिबिंब दिसले, चंद्र नाही. त्याच आंटींनी आमच्या मुलीला चंद्राकडे बोट दाखवू दिले नाही. बोट दाखवले तर रात्री चंद्र येऊन कान कापतो, असा इथला समज आहे. ती अजूनही चंद्र हनुवटीने दाखवते.

हातातला कंदील निवडताना विजेवर चालणारा घ्यायचा असेल तर आवाज नसलेला शोधावा. एकच धून वाजवणारे वीस कंदील एका बागेत जमले की मोठी माणसे हैराण होतात. लहान मुलांसाठी मात्र विजेवरचाच सुरक्षित आहे. कागदाचा घडीचा कंदील अधिक सुंदर असतो, पण त्यात मेणबत्ती असते, आणि ती तळाच्या तारेच्या वेटोळ्यात अगदी सरळ बसवावी लागते. आधी मेणबत्तीचे बूड किंचित वितळवून तारेत दाबावे, ते घट्ट बसेपर्यंत मनात दहा आकडे मोजावेत, आणि मगच घडी वर ओढावी. पहिल्या वर्षी मी मोजले नाहीत. मुलीने काठी जराशी हलवली, मेणबत्ती कलली आणि कागदाला एक तपकिरी डाग पडून तो पाहता पाहता नारिंगी झाला. कंदील जमिनीवर टाकून त्यावर बाटलीतले पाणी ओतले. मुलगी रडली, कारण तिच्या मते कंदील तेव्हाच सर्वांत छान दिसत होता. तेव्हापासून पाण्याची भरलेली बाटली मी पिण्यासाठी वेगळी आणि यासाठी वेगळी नेतो. वारा असेल तर मेणबत्ती लावूच नये.

बागेच्या कठड्यांवर आणि बाकांवर मेणबत्त्या ओळीने चिकटवण्याची हौस मुलांना असते, ती होऊ देऊ नये. दुसऱ्या दिवशी ते मेण काढायला सफाई कामगारांना गुडघ्यांवर बसावे लागते, आणि कचरा टाकल्याचा दंड होऊ शकतो तो निराळाच. घरून आणलेल्या जुन्या ताटलीत मेणबत्त्या उभ्या कराव्यात. तरीही काही सांडलेच तर ते लगेच पुसू नये, पसरते; पाच मिनिटे गार होऊ द्यावे आणि मुदत संपलेल्या एखाद्या कार्डाच्या कडेने खरवडून कागदात गुंडाळून घरी न्यावे.